फॉस्टर घरातली औषधं: कुलूप, वही आणि सिरिंज

पोटच्या मुलाच्या औषधांचा बराचसा हिशेब आईबापांच्या डोक्यात असतो. कोणत्या औषधाने अंगावर पुरळ उठलं होतं, शेवटची फिट कधी आली, गोळी गिळतो की तोंडात धरून ठेवतो. फॉस्टर घरात, म्हणजे जन्मदात्यांपासून दूर राहावं लागणाऱ्या मुलाला काही काळ सांभाळणाऱ्या कुटुंबात, येणारं मूल हा हिशेब सोबत आणत नाही. ते एक पिशवी घेऊन येतं. तिच्यात कधी अर्धी बाटली असते, कधी पाकिटाविना सुट्या गोळ्या, कधी काहीच नाही. म्हणून इतर घरांत जे डोक्यात राहिलं तरी चालतं ते इथे कागदावर यावं लागतं. आणि कुलूप लावायचं ते अशा मुलासाठी, ज्याच्या सवयी अजून घरातल्या कुणालाच ठाऊक नाहीत.

पहिला दिवस

मुलाला सोडायला आलेला केस वर्कर (मुलाची व्यवस्था पाहणारा यंत्रणेचा माणूस) दारातून परत जाण्याआधी औषधांची पिशवी त्याच्यासमोर टेबलावर रिकामी करा. प्रत्येक औषधाचं नाव, ताकद (किती मिलिग्रॅम, किंवा ५ मिलीत किती मिलिग्रॅम), मुदत आणि शिल्लक गोळ्या मोजून लिहा. खाली दोघांच्या सह्या आणि वेळ. हा पाच मिनिटांचा सोपस्कार टाळला तर आठवड्याने गोळ्या कमी भरतात, आणि त्या आधीपासून कमी होत्या की घरातून गेल्या हे कुणालाच सांगता येत नाही.

सुट्या गोळ्या, नाव पुसलेली बाटली किंवा दुसऱ्याच कुणाचं नाव असलेलं औषध मुलाला देऊ नका. ते वेगळ्या लिफाफ्यात घालून कुलपात ठेवा आणि फार्मासिस्टला दाखवा. गोळीवर कोरलेल्या अक्षरांवरून ती पुष्कळदा ओळखता येते, पण ओळख पटली म्हणजे ती याच मुलासाठी होती असं ठरत नाही.

मग प्रश्न. औषध कशासाठी आहे? शेवटचा डोस नेमका किती वाजता दिला? ‘सकाळी’ हे उत्तर पुरेसं नाही. ॲलर्जी आहे का, आणि असेल तर नेमकं काय झालं होतं? उलटी होणं आणि ओठ-चेहरा सुजून श्वास अडकणं यांत जमीन-अस्मानाचं अंतर आहे, आणि दोन्हींची नोंद ‘ॲलर्जी’ या एकाच शब्दाने केलेली सापडते.

सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पुष्कळदा विचारायचाच राहतो: यातलं कोणतं औषध अचानक बंद पडलं तर धोका आहे? फिट्सचं औषध एक-दोन डोस चुकलं तरी फिट येऊ शकते, आणि ती लवकर न थांबणारी असू शकते. काही आठवडे चालू असलेलं तोंडाने घ्यायचं स्टेरॉइड एकदम थांबवलं तर शरीर स्वतःचं स्टेरॉइड लगेच बनवू शकत नाही आणि मूल कोसळू शकतं. क्लोनिडिन हे रक्तदाब उतरवणारं औषध अचानक बंद केलं की रक्तदाब उसळू शकतो. नैराश्यावरची आणि झोपेची काही औषधंही टप्प्याटप्प्यानेच सोडावी लागतात. इन्सुलिनबद्दल तर सांगायलाच नको. यातलं एखादं औषध चालू आहे असं कळलं आणि पिशवीत ते नसलं, तर ते त्याच रात्री मिळवायचं काम आहे. सकाळपर्यंत थांबू नका.

मुलाचं वजन पहिल्या दिवशी करा आणि वहीच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. डोस वजनावर ठरतो. आबाळ झालेलं मूल नीट जेवू लागलं की काही महिन्यांत भराभर वजन घेतं, आणि फिट्सच्या औषधाचा जुना डोस कमी पडू लागतो. दर तीन महिन्यांनी वजन पुन्हा घ्या आणि फरक दिसला तर डॉक्टरांना कळवा.

संमतीचा मुद्दाही याच दिवशी मिटवा. फॉस्टर पालकाला काय देता येतं आणि कशासाठी परवानगी लागते, याचे नियम ठिकाणागणिक वेगळे असतात. केस वर्करकडून तीन गोष्टी लेखी घ्या: ताप-सर्दीसारख्या नेहमीच्या दुखण्याला चिठ्ठीशिवाय काय देता येईल, नवीन औषधाला किंवा डोस बदलायला होकार कोण देणार, आणि मनोविकारावरच्या औषधांसाठी वेगळी परवानगी लागते का. डॉक्टरांनी फोनवर डोस बदलला तर ऐकलेलं त्यांना परत वाचून दाखवा आणि लेखी मागवा.

कुलूप कुठे आणि कसं

बाथरूममधलं कपाट ही औषधांसाठी घरातली सर्वांत वाईट जागा. वाफेने गोळ्या दमट होतात. फिट्सवरच्या सोडियम व्हॅल्प्रोएटसारखी काही औषधं हवेतलं पाणी इतक्या लवकर ओढतात की पाकिटातून काढून डबीत ठेवली तरी पाघळतात. शेगडीच्या वरचं कपाट, खिडकीची कड, बंद गाडी यांनाही फुली. पाकिटावर लिहिलेलं तापमान पाळा. बहुतेक गोळ्यांना २५ किंवा ३० अंश सेल्सिअसच्या खाली, कोरडी, अंधारी जागा हवी असते.

पेटी धातूची किंवा जाड प्लास्टिकची घ्या आणि ती भिंतीला किंवा कपाटाला आतून स्क्रूने पक्की करा. उचलून नेता येणारी पेटी म्हणजे कुलूप नव्हे. किल्लीची पेटी असेल तर किल्ली मोठ्या माणसाच्या अंगावर हवी. खुंटीवर किंवा फुलदाणीखाली ठेवलेली किल्ली मुलं दोन दिवसांत शोधतात. ज्या मुलांना आजवर स्वतःच स्वतःची काळजी घ्यावी लागली ती घर फार बारकाईने न्याहाळतात. आकड्यांचं कुलूप असेल तर वाढदिवस, घर नंबर नको, आणि मुलासमोर आकडे फिरवू नका. एखादं मूल घर सोडून गेलं की आकडा बदला.

झाकणावर ‘चाइल्ड रेझिस्टंट’ लिहिलेलं असतं, त्यावर विसंबू नका. अशा झाकणांच्या प्रमाणित चाचणीत १०० पैकी किमान ८० लहान मुलांना १० मिनिटांत ते उघडता आलं नाही तर झाकण पास होतं. उरलेल्या २० मुलांनी उघडलं तरी चालतं. शिवाय ते झाकण ‘टिक’ असा आवाज येईपर्यंत फिरवलं नाही तर साध्या झाकणासारखंच सुटतं.

फक्त मुलाची औषधं कुलपात ठेवून भागत नाही. घरातल्या मोठ्यांच्या रक्तदाबाच्या आणि मधुमेहाच्या गोळ्या मुलाच्या औषधांहूनही धोकादायक असू शकतात. मधुमेहाच्या सल्फोनिलयुरिया गटातली एकच गोळीसुद्धा लहान मुलाची साखर प्राणघातक पातळीपर्यंत खाली आणू शकते. लोहाच्या गोळ्या रंगीत, गोड आवरणाच्या असतात, आणि मुठीभर गेल्या तर आतड्याला आणि यकृताला इजा करतात. कापूर, सांधेदुखीवर चोळायची विंटरग्रीनची तेलं, मुलांच्या जीवनसत्त्वांच्या चघळायच्या गोळ्या, खोकल्याची सरबतं, हे सगळं त्याच पेटीत. विंटरग्रीनच्या शुद्ध तेलाच्या एका लहान चमच्यात ॲस्पिरिनच्या वीस गोळ्यांइतका ऐवज भरतो. वासावरून ते औषध वाटतही नाही.

पाहुण्यांची पर्स हे अपघाताचं नेहमीचं कारण आहे. आजी-आजोबांच्या आठवड्याच्या डबीला बहुधा बालसुरक्षित झाकण नसतं. पाहुणे आले की पर्स उंच जागी किंवा बंद खोलीत, हा घराचा नियम म्हणून आधीच सांगून टाका. नंतर सांगायला अवघड जातं.

कुलपाला एक अपवाद. दम्याचा आराम देणारा पंप, गंभीर ॲलर्जीवरचं ॲड्रेनलिनचं पेन, फिट थांबवणारा नाकातला किंवा गालातला मिडॅझोलॅम ही औषधं मिनिटांच्या आत हातात यावी लागतात. किल्ली बाजारात गेलेल्या माणसाच्या खिशात आहे, अशी वेळ यायला नको. ही औषधं मुलांच्या हाताला न लागणाऱ्या, घरातल्या प्रत्येक मोठ्या माणसाला माहीत असलेल्या एकाच ठरलेल्या जागी ठेवा आणि बाहेर जाताना बरोबर न्या. पुरेशी समज असलेल्या मोठ्या मुलाने पंप स्वतःजवळ ठेवायचा का, हे डॉक्टर आणि केस वर्करशी बोलून ठरवा.

फ्रिजमधल्या औषधांना २ ते ८ अंश तापमान लागतं. दाराच्या कप्प्यात ते सतत वरखाली होतं, बर्फाच्या कप्प्याला किंवा मागच्या भिंतीला चिकटून औषध गोठतं. मधल्या कप्प्यात लहान कुलपाचा डबा आणि शेजारी साधा थर्मामीटर ठेवा. गोठलेलं इन्सुलिन वितळल्यावर पूर्वीसारखं दिसलं तरी टाकून द्यायचं. वापरात असलेली इन्सुलिनची कुपी किंवा पेन साधारण २८ दिवस खोलीच्या तापमानाला चालतं. नेमके दिवस पाकिटावर पाहा. पाण्यात कालवलेलं प्रतिजैविक सरबत प्रकारानुसार ७ ते १४ दिवसच टिकतं आणि डोळ्यांचे बहुतेक थेंब उघडल्यापासून चार आठवडे. म्हणून बाटली उघडताच तिच्यावर तारीख घाला. छापलेली मुदत बंद बाटलीसाठी असते.

वही

प्रत्येक मुलाची वेगळी वही. मुलाचं नाव, वजन आणि ॲलर्जी पहिल्या पानावर लाल शाईने. पुढे प्रत्येक औषधाला एक पान: नाव, ताकद, डोस मिलिग्रॅममध्येही आणि मिलीमध्येही, वेळ, जेवणाआधी की नंतर, कोणी लिहून दिलं, कधीपर्यंत. त्याखाली तारीख, वेळ, दिलेलं प्रमाण, शिल्लक, सही. वही कपाटात राहील; फ्रिजच्या दारावर चिकटवू नका. मुलाचं दुखणं घरी येणाऱ्या प्रत्येकाने वाचण्यासाठी नाही.

सही औषध पोटात गेल्यावर करायची, आधी नाही. संध्याकाळचे सगळे रकाने एकदम भरून ठेवले की वही खोटी ठरते, आणि खोटी वही नसलेल्या वहीपेक्षा वाईट. घरात दोन मोठी माणसं असतील तर एका वेळेच्या औषधांची जबाबदारी एकाचीच. ‘मला वाटलं तू दिलंस’ मधून डोस चुकतो आणि ‘मला वाटलं तू विसरलास’ मधून दुप्पट जातो.

न दिलेल्या डोसचीही नोंद हवी. नाकारलं, उलटी झाली, झोपलेलं होतं, घरी नव्हतं, औषध संपलं, असं कारण रिकाम्या रकान्यात स्पष्ट लिहा. चुकलेल्या डोसचं काय करायचं हा नियम प्रत्येक औषधाला वेगळा असतो. तो डॉक्टरांना आधीच विचारून त्या पानावर लिहून ठेवा, कारण रात्री अकरा वाजता आठवतं तेव्हा विचारायला कुणी नसतं. भरपाई म्हणून दुप्पट डोस मात्र कधीच नाही. उलटीच्या बाबतीत डोसनंतर किती मिनिटांनी झाली आणि गोळी दिसली का, हे दोन तपशील लिहून मगच फोन करा.

झोपेची, एडीएचडीची (लक्ष न टिकणं आणि अतिचंचलता) उत्तेजक आणि अफूवर्गीय वेदनाशामक औषधं दर आठवड्याला दोघांनी मिळून मोजा. बाजारात या गोळ्यांना गिऱ्हाईक असतं आणि कधी मुलावर बाहेरून दबाव येतो. मोजणी ठरलेली असली की संशय कुणा एकावर येत नाही, आणि ही गोष्ट मुलाच्या बाजूने फार मोलाची आहे.

‘गरज पडल्यास द्या’ असं लिहिलेल्या औषधावर सर्वांत जास्त घोळ होतो. गरज म्हणजे काय ते डॉक्टरांकडून शब्दांत घ्या: कोणती लक्षणं, दोन डोसांत किमान किती तास, दिवसात जास्तीत जास्त किती. दिल्यावर तासाभराने काय फरक पडला ते लिहा. वागणुकीसाठी दिलेलं असं औषध आठवड्यात वरचेवर लागत असेल तर तो डॉक्टरांना कळवण्याचा निरोप आहे. मूल गप्प बसावं म्हणून ते देणं हा छळ आहे, मग दिवस कितीही दमवणारा गेलेला असो.

मोजमाप

स्वयंपाकघरातला चमचा मापाला वापरू नका. त्यांचे आकार ३ मिलीपासून ७ मिलीपर्यंत सापडतात. तोंडाने द्यायची सिरिंज वापरा आणि आकडा डोळ्यांच्या रेषेत धरून वाचा. बसलेल्या मुलाच्या गालाच्या आतल्या बाजूला थोडं थोडं सोडा. सरळ घशात सोडलं तर ठसका लागतो.

मिली आणि मिलिग्रॅम यांतली गल्लत काय करते ते पॅरासिटॅमॉलवरून पाहा. नेहमीचा डोस किलोमागे १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसांत किमान ४ ते ६ तास, आणि २४ तासांत ४ पेक्षा जास्त डोस नाहीत. १२ किलोच्या मुलाला १५च्या हिशेबाने १८० मिलिग्रॅम लागतात. ५ मिलीत १२० मिलिग्रॅम असलेल्या सरबताचे ते साडेसात मिली. ५ मिलीत २५० असलेल्या बाटलीचे साधारण ३.६ मिली. बाळांच्या थेंबांत, ज्यांत १ मिलीला १०० मिलिग्रॅम असतात, फक्त १.८ मिली. आता ‘साडेसात मिली’ एवढंच लक्षात ठेवून कुणी दुसरी बाटली उचलली तर मुलाच्या पोटात ३७५ मिलिग्रॅम जातात. थेंबांची उचलली तर ७५०. म्हणून वहीत मिलिग्रॅम, ताकद आणि मिली, तिन्ही हवेत, आणि बाटली बदलली की हिशेब नव्याने. सर्दीच्या पुष्कळ सरबतांतही पॅरासिटॅमॉल असतं, तेव्हा दोन बाटल्या एकाच दिवशी देण्याआधी घटक वाचा. मुलाला ॲस्पिरिन डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय नाहीच.

दशांश लिहिताना ०.५ असं शून्य लावून लिहा. नुसतं .५ लिहिलं की टिंब पुसट होतं आणि पाच वाचलं जातं. ५.० लिहू नका, ते ५० होतं. गोळी चुरडण्याआधी फार्मासिस्टला विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी चुरडली तर दिवसभराचा डोस एकदम सुटतो.

स्ट्रिप कापताना मुदत आणि नाव असलेली बाजू शेवटपर्यंत राखा.

मूल नको म्हणतं तेव्हा

मराठीत ‘गोळी’ खाऊची असते आणि औषधाचीही. लहान मुलाशी बोलताना ‘औषध’ म्हणा, ‘गोड गोळी’ म्हणून फसवू नका. दुसऱ्या दिवशी ते स्वतः शोधायला जाईल. जेवणात लपवून देऊ नका. ज्या मुलाची मोठ्या माणसांनी पुष्कळदा फसवणूक केली आहे, त्याचा ताटावरचा विश्वास उडाला तर तो परत मिळायला महिने लागतात. डॉक्टरांनी एखाद्या पदार्थात मिसळायला सांगितलं असेल तर मुलासमोर मिसळा.

काय द्यायचं हे ठरलेलं असतं, पण कसं घ्यायचं ते मुलाला निवडू द्या: आधी पाणी की नंतर, सिरिंज कुणी दाबायची, कोणत्या खुर्चीवर बसायचं. भांडणाच्या भरात ‘औषध घेतलंस का आज?’ हे वाक्य तोंडातून येऊ देऊ नका. मुलाच्या रागाला आजार ठरवणारं ते वाक्य आहे आणि मूल त्याचा सूड औषधावर उगवतं. नाकारलं तर वीस मिनिटांनी शांतपणे एकदा पुन्हा विचारा, नाक दाबून पाजू नका. तरीही नाही म्हटलं तर नोंद करा आणि बंद पडू नये अशा औषधाच्या बाबतीत लगेच डॉक्टरांना फोन.

किशोरवयीन मुलं गोळी गालात किंवा जिभेखाली ठेवून नंतर थुंकतात, कधी साठवतात. साठवलेल्या गोळ्या आत्महत्येच्या प्रयत्नात वापरल्या जातात, म्हणून हा मुद्दा गंभीर आहे. गोळी पूर्ण पेलाभर पाण्याबरोबर द्या आणि नंतर दोन-चार मिनिटं गप्पा मारत शेजारी थांबा. तोंड उघडून दाखवायला लावण्यापेक्षा ते बरं. साठवण्याची शंका असेल तर विरघळणारी गोळी किंवा द्रव मिळतं का ते विचारा. घरात पॅरासिटॅमॉलचा मोठा साठा ठेवू नका.

शाळा, भेटी

औषध घराबाहेर जातं तेव्हा मूळ पाकिटातच जायला हवं. रुमालात बांधलेली किंवा कागदाच्या पुडीतली गोळी शाळेने घ्यायची नाही आणि तुम्ही पाठवायची नाही. मूल जन्मदात्या कुटुंबाला भेटायला किंवा राहायला जात असेल तर भेटीपुरत्या गोळ्या मोजून द्या, वेळा मोठ्या अक्षरात लिहून द्या, शेवटचा डोस कधी दिला ते सांगा आणि परत आल्यावर मोजून घ्या. जन्मदात्यांशी हे बोलताना तपासणीचा सूर लावू नका. मुलाचं औषध पुष्कळदा त्यांनाच जास्त ठाऊक असतं, आणि ‘याला ते सरबत थंड करून दिलं की चालतं’ हे फक्त त्यांच्याकडूनच कळतं.

चूक झाली किंवा मुलाने काही गिळलं तर

चुकीचं औषध, चुकीचा डोस किंवा दुसऱ्याच मुलाचा डोस गेला, तर आधी फोन, मग वही, मग केस वर्कर. लाजेने तासभर गेला तर उपचाराचा तासही गेला.

मुलाने औषध गिळल्याची नुसती शंका आली तरी विषबाधा मदत केंद्राला किंवा आपत्कालीन सेवेला लगेच फोन करा. उलटी काढू नका. मिठाचं पाणी पाजू नका, घशात बोटं घालू नका. अर्धवट बेशुद्ध मुलाची उलटी फुप्फुसात जाते. तोंडात उरलेलं बाहेर काढा. मूल गुंगीत असून श्वास घेत असेल तर कुशीवर वळवा. पाकीट, उरलेल्या गोळ्या आणि वही बरोबर न्या. मूल खेळतंय, छान दिसतंय म्हणून थांबू नका: पॅरासिटॅमॉल जास्त गेलेलं मूल पहिला दिवस जवळजवळ ठणठणीत दिसू शकतं, यकृताची इजा नंतर उघड होते, आणि त्यावरचा उतारा पहिल्या ८ तासांत दिला तर सर्वांत चांगला लागू पडतो. लोहाच्या विषबाधेतही उलट्या थांबून मूल बरं वाटल्याचा फसवा काळ येतो.

उरलेलं आणि निरोपाचं

महिन्यातून एकदा पेटी उपसा. मुदत फक्त महिन्याची छापलेली असेल तर तो त्या महिन्याचा शेवटचा दिवस. जुनं औषध परत घेणाऱ्या फार्मसीत द्या. तशी सोय नसेल तर मातीत किंवा ओल्या कचऱ्यात कालवून, पिशवी घट्ट बांधून टाका, पाकिटावरचं मुलाचं नाव खोडून. एका मुलाचं उरलेलं औषध दुसऱ्याला लागेल म्हणून ठेवू नका. सुया जाड प्लास्टिकच्या बंद डब्यात.

मूल दुसऱ्या घरी जाताना उरलेली औषधं मूळ पाकिटांत, किमान आठवडाभर पुरतील इतकी, मोजून आणि सही घेऊन सोपवा. सोबत वहीची प्रत, ताजं वजन, पुढच्या तपासणीची तारीख, आणि आज शेवटचा डोस किती वाजता दिला ते. एका वेगळ्या कागदावर त्याची सवयही लिहा: गोळी पाण्याआधी जिभेवर ठेवायला त्याला आवडत नाही, सिरिंज तो स्वतः दाबतो, रात्रीचं औषध दात घासण्याआधी दिलं तर कुरकुर करत नाही.